डाव्या भिंतीकडची खुर्ची

खुर्ची सरकल्याचा आवाज अजून कानात आहे. दुसरी रांग, डावी भिंत. मैफलीत मोझार्टच्या बी मायनर अडाजिओचा, म्हणजे त्याच्या एका संथ पियानोरचनेचा, पूर्वार्ध दुसऱ्यांदा सुरू केला आणि त्या बाईंनी खुर्ची हातभर पुढे ओढली. त्यांना ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या वेळेसाठी मी मॉडरेटर लावला होता. तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये कापडाचा पट्टा येतो, स्वर शालीत गुंडाळल्यासारखा होतो. या जुन्या घडणीच्या पियानोवर त्याची खुंटी हाताने ओढावी लागते, म्हणजे एक हात मोकळा असेल तिथेच. ते नीट जमलं होतं. मग खुर्ची वाजली आणि पुढच्याच बारला (तालाच्या आवर्तनाला) मी पट्ट्या जोराने दाबल्या.

दाबून काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. वाल्टर हा मोझार्टच्या काळातला व्हिएन्नाचा पियानो-कारागीर; त्याच्या घडणीच्या पियानोची पट्टी आजच्या पियानोच्या मानाने जेमतेम निम्मी खाली जाते. हातोडी चिमुकली, वर चामडं. पट्टी तळाला टेकेपर्यंत हातोडी सुटलेली असते. उरलेला जोर सगळा लाकडात जातो. त्यात मध्ये कापड. स्वर वाढत नाही, नुसतं ठक् होतं. तसंच झालं. दोनदा.

आणि तयारी किती! हीटर दोन तास आधी बंद. तारा ४३० हर्ट्झला, आजच्या ४४० पेक्षा जरा खाली. तीस माणसं बसली की खोली उबते, दमट होते आणि लोखंडी चौकट नसलेल्या या वाद्याचा सूर लगेच हलतो, म्हणून मध्यंतरात वरचं सप्तक पुन्हा तपासलं. डॅम्पर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या, उचलायचे ते गुडघ्याने, तेव्हा स्टूल असं लावलं की टाच जमिनीवर राहावी. टाच उचलली की पाय थरथरतो. एवढं करून हाती काय, तर दोन ठक्. घरी येऊन जेवणही गेलं नाही.

जास्त लागतं ते याचं, की हे या रचनेत व्हावं. १९ मार्च १७८८ ही तारीख मोझार्टने स्वतःच्या रचनांच्या यादीत घातली आहे. स्वरलिपीत जागोजागी खूण: जोर आणि लगेच हळू. मोठ्या आधुनिक पियानोवर स्वर रेंगाळतो, ती खूण ओढूनताणून पाळावी लागते. इथे चामड्याचा स्वर वाजला की आपणच उतरतो. वाजवणाऱ्याने फक्त थांबायचं. तंबोऱ्याच्या तारेला कुणी जोर लावतं का? मला थांबता आलं नाही.

बाकी, झाकण उजवीकडे उघडतं. डावीकडे बसलेल्याला झाकणाची पाठ मिळते, वरचे स्वर तिकडे पोचतच नाहीत. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. त्या बाईंना नेमकं कळलं होतं कुठे सरकायचं ते. त्यानंतर रचना बी मेजरमध्ये संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. उत्तरार्धात मी एकदा तिकडे पाहिलं. मान किंचित खाली, हात मांडीवर. ऐकत होत्या.

पुढच्या वेळी डावी बाजू मोकळी. सगळे झाकणासमोर, अर्धगोलात, पहिली रांग दीड मीटरवर.

पण ते दोन बार... खुर्च्यांची मांडणी चुकली म्हणून बोटांनी का घाबरावं?

उद्या सकाळी मॉडरेटर ओढून तेवढंच वाजवायचं. डाव्या भिंतीशी एक रिकामी खुर्ची ठेवून.