लॅटिन विशेषणं चुकतात ती नाम अर्धवट पाठ असल्यामुळे

वनस्पतींची शास्त्रीय नावं ज्यांच्या डोळ्यांखालून गेली आहेत, त्यांनी लॅटिन विशेषणाचा मुख्य नियम नकळत पाहिलेला असतो. लसूण म्हणजे आल्लिउम सातिवुम, भात म्हणजे ओरिझा सातिवा आणि केशर म्हणजे क्रोकुस सातिवुस. 'लागवडीचा' या अर्थाचं विशेषण तिन्ही नावांत एकच आहे. नपुंसकलिंगी नामापुढे ते सातिवुम होतं, स्त्रीलिंगी नामापुढे सातिवा आणि पुल्लिंगी नामापुढे सातिवुस. चांगलं, चांगली, चांगला म्हणणाऱ्याला यात नवीन काही वाटत नाही.

पण पिंपळाचं नाव आहे फिकुस रेलिगिओसा. नाम -उस वर संपतंय आणि विशेषण मात्र -आ वर. इथे काहीही चुकलेलं नाही. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असतात. विशेषण नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती पाहून जुळतं, नामाच्या शेवटच्या अक्षराशी त्याला देणंघेणं नसतं. शिकणाऱ्यांच्या चुकांपैकी मोठा वाटा याच ठिकाणी होतो. प्रत्यय पाठ असतात, पण नामाचं लिंग आणि अंग (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग) माहीत नसतं.

(इथले उच्चार अभिजात पद्धतीचे आहेत: सी म्हणजे नेहमी क, व्ही म्हणजे व, आणि ए-ई ही जोडी म्हणजे आइ. देवनागरीत इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक दाखवता येतो, पण ऱ्हस्व आणि दीर्घ 'आ' मात्र सारखेच दिसतात. हे पुढे एका ठिकाणी अडणार आहे.)

नाम पाठ करायचं ते तीन गोष्टींसह: प्रथमा एकवचन, षष्ठी एकवचन आणि लिंग. शब्दकोश या तिन्ही गोष्टी देतोच, पण घाईत पहिलीच उचलली जाते. षष्ठी का लागते, हे मराठीवरून चटकन कळेल. वाट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. तरी आपण म्हणतो वाटेला आणि भिंतीला. नुसतं 'वाट' पाहून पुढे 'ए' येईल की 'ई', हे सांगता येत नाही. लॅटिनमध्येही तसंच. रेक्स (राजा) पाहून षष्ठी रेगिस होईल, होमो (माणूस) पाहून होमिनिस होईल किंवा इतेर (प्रवास) पाहून इतिनेरिस होईल, असा अंदाज बांधता येत नाही. कोर्पुसची (शरीर) षष्ठी कोर्पोरिस आणि ओपुसची (काम) ओपेरिस. पुएर (मुलगा) आपला 'ए' राखून पुएरी होतो, तर आगेर (शेत) तो गाळून आग्री होतो.

षष्ठी हातात आली की दोन कामं एकदम होतात. तिच्या प्रत्ययावरून नाम पाच वर्गांपैकी कोणत्या वर्गातलं ते कळतं: पहिला -आइ, दुसरा -ई, तिसरा -इस, चौथा -ऊस, पाचवा -एई. आणि तो प्रत्यय काढून टाकला की उरतं ते अंग. रेगिसमधून रेग-, इतिनेरिसमधून इतिनेर-. पुढचे प्रत्यय या अंगालाच लागतात. रेक्सला लावत बसलात तर एकही रूप बरोबर येणार नाही.

लिंग वेगळं पाठ करायलाच हवं. पहिल्या वर्गातली नामं बहुतेक स्त्रीलिंगी असली तरी नाउता (खलाशी), आग्रिकोला (शेतकरी) आणि पोएता (कवी) पुल्लिंगी आहेत. मानुस (हात) चौथ्या वर्गात असूनही स्त्रीलिंगी आहे. म्हणून यांना सुटं पाठ करू नका, सोबत एक विशेषण जोडून ठेवा: नाउता बोनुस (चांगला खलाशी), मानुस लोंगा (लांब हात), पिनुस आल्ता (उंच पाइन). लिंग लक्षात ठेवण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही.

नपुंसकलिंगाची एक सवलत सगळ्या वर्गांत चालते. प्रथमा आणि द्वितीया सारख्याच, आणि अनेकवचनात त्या दोन्ही -आ वर संपतात: कोर्पोरा, ओपेरा, मारिआ (समुद्र). संस्कृत शिकलेल्यांना फलम्-फलानि आठवेल. याचा तोटाही आहे. -आ दिसला की एकवचनी स्त्रीलिंगी नाम असं धरून चालणाऱ्याला बेल्ला (युद्धं) हमखास फसवतो.

विभक्त्यांचा क्रम एकच ठेवा. अमेरिकी पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी आणि चतुर्थी येतात, ब्रिटिश पुस्तकांत संबोधन आणि द्वितीया. दुसरा क्रम संस्कृतच्या जवळचा असल्यामुळे आपल्या जिभेला सोपा जातो. दोन पुस्तकांतून आळीपाळीने पाठ केलं, तर ऐन वेळी चतुर्थीच्या जागी द्वितीया येते. पंचमी, तृतीया आणि बरीचशी सप्तमी यांचं काम अब्लेटिव्ह ही एकच विभक्ती करते. वेगळी सप्तमी शहरांची नावं आणि दोमी (घरी), रूरी (खेड्यात) अशा मोजक्या शब्दांपुरती उरली आहे.

विशेषणांचे मोठे गट दोनच. पहिला बोनुस, बोना, बोनुमसारखा: पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दुसऱ्या वर्गाप्रमाणे, स्त्रीलिंग पहिल्याप्रमाणे. दुसरा गट तिसऱ्या वर्गाप्रमाणे चालतो आणि खरी अडचण तिथे आहे. त्यात प्रथमेत कुणाची तीन रूपं असतात ('तीक्ष्ण': आकेर, आक्रिस, आक्रे), कुणाची दोन ('शूर': फोर्तिस, फोर्ते), कुणाचं एकच ('सुखी': फेलिक्स). एकाच रूपाच्या विशेषणाचीही षष्ठी पाठ करावी लागते: फेलीकिस.

या गटाचे प्रत्यय तिसऱ्या वर्गातल्या नामांसारखे दिसतात, पण तीन ठिकाणी वेगळे होतात. अब्लेटिव्ह एकवचन -ई, षष्ठी अनेकवचन -इउम आणि नपुंसकलिंगी अनेकवचन -इआ. म्हणून 'शूर राजासह' म्हणजे कुम रेगे फोर्ती, 'शूर राजांचा' म्हणजे रेगुम फोर्तिउम. नाम आणि विशेषण एकाच वर्गातले, तरी प्रत्यय जुळत नाहीत, आणि हेच बरोबर आहे. रेगे फोर्ते लिहिण्याचा मोह कानामुळे होतो. वेतुस (जुना) मात्र नामासारखा चालतो: वेतेरे, वेतेरुम, वेतेरा. तरभावाची ('अधिक शूर' अशी) रूपंही तशीच: फोर्तिओरे, फोर्तिओरुम, फोर्तिओरा.

नामांतही काहींना -इउम लागतो. उर्ब्स (नगर) आणि नोक्स (रात्र) यांच्या अंगाच्या शेवटी दोन व्यंजनं आहेत, म्हणून उर्बिउम, नोक्तिउम. किविस (नागरिक) प्रथमेत आणि षष्ठीत सारख्याच अक्षरसंख्येचा, म्हणून किविउम. पातेर (वडील), मातेर (आई), फ्रातेर (भाऊ), कानिस (कुत्रा) आणि युवेनिस (तरुण) हे अपवाद: पात्रुम, मात्रुम, फ्रात्रुम, कानुम, युवेनुम. हे पाच थेट पाठ करावेत, कारणं शोधत बसू नये.

मराठीची सवय एका जागी आड येते. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं या सगळ्यांचं विभक्तीपूर्वी चांगल्या होतं आणि सुंदर, लाल अशी विशेषणं बदलतच नाहीत. लॅटिनमध्ये जवळजवळ प्रत्येक विशेषण प्रत्येक विभक्तीत बदलतं. त्यामुळे सराव करताना नुसतं बोनुस चालवून फारसा फायदा होत नाही. वेगळ्या वर्गांची जोडी घ्या आणि दोन्ही शब्द सोबत चालवा: नाउता बोनुस, नाउताम बोनुम, नाउताइ बोनी, नाउताइ बोनो, नाउता बोनो. मग अनेकवचन: नाउताइ बोनी, नाउतास बोनोस, नाउतारुम बोनोरुम, नाउतीस बोनीस. त्यानंतर मानुस लोंगा, उर्ब्स वेतुस, ओपुस माग्नुम. या चार जोड्या न अडखळता म्हणता आल्या, तर बहुतेक पाया झाला. इथेच तो 'आ' अडतो: प्रथमेतला नाउता ऱ्हस्व आणि अब्लेटिव्हमधला दीर्घ. वहीत रोमन लिपीत लिहिताना दीर्घ स्वरावर आडवी रेघ द्यायलाच हवी.

वाचताना प्रश्न उलटा होतो. नाउताइ बोनी ही प्रथमा अनेकवचनीही आहे आणि षष्ठी एकवचनीही. विशेषणाने चतुर्थी बाद केली (तिथे बोनो लागलं असतं), पण उरलेल्या दोन शक्यतांचा निकाल क्रियापद देतं. 'नाउताइ बोनी उर्बेम वेतेरेम आमांत' यात क्रियापद अनेकवचनी आहे आणि दुसरा कर्ता नाही, म्हणून अर्थ 'चांगल्या खलाशांना जुनं नगर आवडतं'. शब्द विखुरले, 'उर्बेम नाउताइ वेतेरेम बोनी आमांत' असं झालं, तरी अर्थ तोच. कवितेत नाम आणि विशेषण यांत तीन-चार शब्दांचं अंतर नेहमीचं असतं, म्हणून शेजारचा शब्द जोडायची घाई नको. आधी क्रियापद, मग प्रथमेतलं नाम, मग त्याला लिंग-वचन-विभक्तीने जुळणारं विशेषण, असं शोधावं.

विशेषण कधी एकटंच येतं. बोनी म्हणजे चांगली माणसं, बोना म्हणजे मालमत्ता, ओम्निआ म्हणजे सगळं काही. प्रथमा-द्वितीयेत लिंग दिसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. पण ओम्निउम म्हणजे 'सगळ्या माणसांचं' की 'सगळ्या गोष्टींचं', हे रूपावरून कळत नाही. अशा वेळी लॅटिन लेखक सहसा रेस (गोष्ट) हे पाचव्या वर्गातलं नाम जोडतात: ओम्निउम रेरुम, ओम्निबुस रेबुस. तुम्ही स्वतः लॅटिन लिहीत असाल तर षष्ठी, चतुर्थी आणि अब्लेटिव्हमध्ये नपुंसकलिंगी विशेषण एकटं सोडू नका, रेस जोडा. आणि रेस स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'सगळ्या चांगल्या गोष्टींचं' हे ओम्निउम बोनारुम रेरुम होतं, बोनोरुम नाही.