तुम्ही विचारलेत म्हणून: एक अधिक एक आणि ३७९ पाने

मी गणित शिकवतो आणि त्यातही गणिताच्या पायाभूत प्रश्नांत मला विशेष रस आहे, हे कळले की नाशिकमधले माझे विद्यार्थी, त्यांचे पालक, लग्नसमारंभात भेटणारे नातेवाईक असे सगळेच मला हमखास एक प्रश्न विचारतात. "एक अधिक एक बरोबर दोन हे सिद्ध करायला रसेलसारख्या माणसाला म्हणे तीनशेहून अधिक पाने लागली. जे बालवाडीतल्या मुलाला कळते त्याला एवढी सिद्धता कशाला? आणि पुढे गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने तो सगळा खटाटोपच निकालात काढला असेल, तर गणिताला पाया आहे तरी का?" उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी पानांविषयी. बर्ट्रंड रसेल आणि आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथाचे तीन खंड १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीत ३७९ व्या पानावर एक विधान सिद्ध केलेले आहे: प्रत्येकी एकच घटक असलेले दोन संच घेतले, तर त्यांच्यात सामाईक घटक नसेल तेव्हा, आणि तेव्हाच, त्यांच्या संयोगात नेमके दोन घटक असतात. बेरजेची व्याख्या झाली की एक अधिक एक दोन हे यावरून निघेल, एवढेच लेखक तिथे सांगतात. ती व्याख्या आणि प्रत्यक्ष समीकरण दुसऱ्या खंडात येते. तोवरची पाने मात्र या समीकरणासाठी खर्ची पडलेली नाहीत. 'आणि', 'किंवा', 'जर-तर', 'प्रत्येक' या शब्दांचे नियम, संच, संबंध अशी साऱ्या गणिताला पुरेल इतकी सामग्री त्यांत एकेक पायरी करून उभी केलेली आहे. नुसते हे समीकरणच हवे असेल, तर इटालियन गणितज्ञ पेआनोने १८८९ मध्ये केलेल्या, नैसर्गिक संख्यांच्या मूलभूत नियमांच्या मांडणीत ते व्याख्येतच येऊन जाते, कारण एकच्या पुढची संख्या तिलाच तिथे दोन म्हटले आहे.

खरी गंमत दोन अधिक दोन चार या विधानात आहे. जर्मन तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ लायब्निझने त्याची एक सिद्धता लिहिली होती. दोन म्हणजे एक अधिक एक, तीन म्हणजे दोन अधिक एक, चार म्हणजे तीन अधिक एक, या तीन व्याख्या घ्यायच्या आणि लिहायचे: २ + २ = २ + १ + १ = ३ + १ = ४. वाचताना कुठेही अडखळायला होत नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगेने १८८४ साली दाखवून दिले की इथे एक पायरी गाळलेली आहे. दुसऱ्या दोनच्या जागी त्याची व्याख्या ठेवली की मिळते ते २ + (१ + १), आणि तीनची व्याख्या वापरायला हवे असते (२ + १) + १. कंस एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला आहे, तो जाऊ शकतो असे कोणी सांगितलेले नाही, आणि कंस लिहिलेच नाहीत म्हणून ते ध्यानातही येत नाही. शाळेत आपण याला बेरजेचा साहचर्य गुणधर्म म्हणतो आणि पाठ करून मोकळे होतो. तो साऱ्या संख्यांसाठी खरा आहे हे दाखवायचे, तर संख्यांची मालिका कशी पुढे जाते याविषयी काहीतरी मान्य करावेच लागते. सिद्धतेने दोन अधिक दोनवरचा आपला विश्वास रतिभरही वाढवला नाही. तो विश्वास बाळगताना आपण आणखी काय काय मुकाट्याने मान्य करत होतो, हे मात्र तिने उघड केले, आणि पाया शोधणाऱ्यांचे काम बहुतांशी हेच आहे असे मला वाटते.

विश्वास आधीचा आहे, हे पटवण्यासाठी मी नाशिककरांना पांडवलेण्यांत घेऊन जातो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला दानलेख आहे. भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांपैकी (कार्षापण हे त्या काळचे नाणे) २००० त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने गुंतवले. व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे असे त्यात कोरले आहे. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस, आणि तो दर महिन्याचा धरला की वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. दर मासिक होता हे अभ्यासक या मेळावरूनच ओळखतात. त्याच लेखात पुढे ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे, पस्तिसांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचे नाणे, या भावाने ते २००० सुवर्ण होतात. ज्या अंकांत हे लिहिले आहे त्यांत शून्य नाही, स्थानिक किंमत नाही; सत्तर हजार लिहायला हजाराच्या खुणेला सत्तरची खूण जोडलेली आहे. कोरणाऱ्याजवळ संचसिद्धान्त नव्हता, पेआनोची गृहीतके नव्हती, आपली दशमान लेखनपद्धतीही नव्हती, तरी हिशोब आजही तंतोतंत बसतो.

आता असे समजा की उद्या कोणी एक अतिशय देखणी गृहीतकपद्धती मांडली आणि तिच्यातून सत्तर हजार भागिले पस्तीस बरोबर १९९९ असे निघाले. आपण कोणीही दानलेख दुरुस्त करायला जाणार नाही; ती पद्धती टाकून देऊ. इमारतीच्या पायाची प्रतिमा इथेच फसवते. इमारतीत वरचा मजला खालच्यावर उभा असतो, तर इथे गृहीतके ग्राह्य ठरतात ती पुष्कळदा त्यांच्यावरच्या मजल्यामुळे, म्हणजे ज्या गोष्टी आपल्याला आधीच पक्क्या ठाऊक आहेत त्या त्यांच्यातून बरोबर निघतात म्हणून. रसेलचेही मत याच्या जवळचे होते, आणि या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावे असा माझा आग्रह असतो, कारण ते समजले नाही तर फ्रेगेची कहाणी निव्वळ शोकांतिका वाटू लागते.

फ्रेगेला सारे अंकगणित केवळ तर्काच्या नियमांतून काढून दाखवायचे होते. १८९३ मध्ये त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. दुसरा खंड छापखान्यात असताना, १६ जून १९०२ या तारखेचे रसेलचे पत्र त्याला आले. फ्रेगेच्या पाचव्या मूलभूत नियमाचा एक परिणाम असा होता की कोणतेही लक्षण सांगा, त्या लक्षणाच्या वस्तूंचा एक समुदाय असतोच. रसेलने लक्षण सांगितले: स्वतःचा घटक नसणे. असे लक्षण असलेल्या सगळ्या समुदायांचा समुदाय स्वतःचा घटक आहे का? आहे म्हणावे तर नसतो, नाही म्हणावे तर असतो. फ्रेगेने आठवड्याभरात उत्तर लिहून आपला हादरा मोकळेपणाने कबूल केला आणि १९०३ साली निघालेल्या दुसऱ्या खंडाला या विरोधाभासावर परिशिष्ट जोडले. त्याच्या सचोटीविषयी मला नितांत आदर आहे.

त्या पत्राने अंकगणितातली एकही बेरीज मात्र चुकीची ठरली नाही. पुढे लक्षात आले की फ्रेगे पाचव्या नियमाचा अंकगणितासाठी खरा उपयोग एकाच ठिकाणी करतो: दोन समुदायांतील वस्तूंची एकास एक जोडी लागते तेव्हाच त्यांची संख्या एक असते, हे तत्त्व मिळवण्यासाठी. ते तत्त्वच सरळ गृहीत धरले, तर नैसर्गिक संख्यांचे पेआनोचे सगळे नियम त्यातून निघतात, आणि पाचव्या नियमाची गरज उरत नाही. क्रिस्पिन राइट यांनी १९८३ मध्ये हा मार्ग पुन्हा पुढे आणला. हे तत्त्व तर्काचेच मानायचे की त्यात अनंत वस्तूंचे अस्तित्व आधीच आत घेतलेले आहे, यावर विश्लेषक तत्त्वज्ञांत अजून वाद आहे. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, कारण ज्या तत्त्वातून अनंत संख्या निघतात त्याला निव्वळ विचाराचा नियम म्हणणे मला जड जाते.

अनंत हा शब्द आला, तेव्हा आपल्याच देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर सरांकडे वळतो, कारण सान्त आणि अनंत यांतला फरक त्यांच्या ६१७४ या संख्येइतका स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसतो. सारे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यांतून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि त्यापुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. अशा संख्या दहा हजारांहून कमी आहेत, म्हणजे चिकाटी असेल तर प्रत्येक तपासून हे विधान सिद्ध करता येते. साहचर्य गुणधर्माचे तसे नाही. 'प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी' म्हटले की तपासणी कधीच संपत नाही, आणि तिच्या जागी आपण विगमनाचे तत्त्व ठेवतो: एखादी गोष्ट पहिल्या संख्येला लागू असेल, आणि कोणत्याही संख्येला लागू असली की पुढचीलाही लागू होत असेल, तर ती सगळ्यांना लागू आहे. पाया शोधायला निघाल्यावर हाती लागलेली पहिली मोठी मान्यता हीच, असे मी म्हणेन.

गोडेलचा प्रश्न याच जागी येतो. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टला हवे होते की अनंताविषयी बोलणाऱ्या गणितात कधीही विसंगती येणार नाही, हे सान्त, तपासता येणाऱ्या युक्तिवादांनी एकदाचे दाखवून द्यावे. गोडेलच्या १९३१ च्या निबंधातून, आणि रॉसरने १९३६ मध्ये त्यात केलेल्या सुधारणेतून, सिद्ध झाले की पुरेसे अंकगणित सामावणारी आणि यांत्रिकपणे तपासता येणारी पद्धती सुसंगत असेल, तर तिला सिद्ध किंवा असिद्ध करता येणार नाही असे एक तरी विधान असते, आणि अशी पद्धती स्वतःची सुसंगतता स्वतःच्या साधनांनी सिद्ध करू शकत नाही. यावरून 'गणितात काहीच खात्रीचे नाही' असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण गोडेलचे प्रमेय हेच गणितातल्या अतिशय खात्रीच्या सिद्धतांपैकी एक आहे. शिवाय १९३६ मध्ये गेर्हार्ड गेंट्झेनने पेआनोच्या अंकगणिताची सुसंगतता सिद्ध केली. त्यासाठी विगमन नैसर्गिक संख्यांच्या पलीकडे, एका ठरावीक अनंत क्रमांकापर्यंत न्यावे लागते. म्हणजे किंमत किती मोजावी लागते ते नेमके कळले, आणि हिल्बर्टला ती फुकट हवी होती.

माझी अस्वस्थता अंकगणितात नाही, त्याच्या बरीच वर आहे. संचसिद्धान्ताचा पाया घालणाऱ्या कँटरने दाखवले की वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांपेक्षा अधिक आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या आकाराचा संच नसावा असा त्याचा अंदाज होता. झर्मेलोच्या १९०८ च्या गृहीतकांतून वाढलेल्या, आज रूढ असलेल्या संचसिद्धान्तातून, तो सुसंगत असेल तर, हा अंदाज खोटा ठरवता येत नाही, हे गोडेलने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले; तो खराही ठरवता येत नाही, हे पॉल कोहेनने १९६३ मध्ये. इथे दानलेखातल्या हिशोबासारखे आधीपासून पक्के असलेले आणि चुकीचे गृहीतक लगेच पकडणारे आपल्याजवळ काहीच नाही. गोडेलचे म्हणणे होते की नवी गृहीतके त्यांच्या फळांवरून पारखावीत, आणि मला ते मान्य आहे. फार मोठ्या अनंतांविषयीच्या अशा गृहीतकांनी वास्तव संख्यांच्या साध्या संचांविषयीचे काही जुने प्रश्न सुंदर रीतीने सोडवलेही आहेत. पण कँटरचा प्रश्न त्या जातीच्या परिचित गृहीतकांनीही सुटत नाही, हे अझ्रिएल लेव्ही आणि रॉबर्ट सोलोवे यांनी १९६७ मध्ये दाखवले. त्या प्रश्नाला उत्तर आहे पण आपल्याला सापडलेले नाही, की मुळात उत्तरच नाही, यांपैकी पहिले खरे असावे असे मला वाटते. त्यासाठी देण्यासारखा पुरावा मात्र माझ्याजवळ आज नाही.