करंगळीला मुंग्या येत नव्हत्या

गेल्या श्रावणात रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली, ती उजव्या हातातल्या मुंग्यांनी. हात झटकला की जरा बरं वाटायचं, डोळा लागला की पुन्हा तेच. कर्वेनगरला घरीच मी ब्लाउज शिवते. हातशिलाई करताना सुई चिमटीत आहे की सुटली, ते डोळ्यांनी बघावं लागायचं. एकदा कात्री निसटून गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या काठावर पडली आणि माझा धीर सुटला.

जाऊबाई म्हणाल्या, "आपण शाकाहारी, बी-१२ कमी असेल." मीच दुकानातून 'नसांच्या गोळ्या' आणल्या आणि दोन महिने घेतल्या. फरक शून्य.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, "ताई, करंगळीला मुंग्या येतात का?" नव्हत्या येत. मग हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटं वाकवून मिनिटभर धरायला लावलं. अर्ध्या मिनिटातच अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत झिणझिण्या! मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि मीडियन नस जाते. आत सूज आली की नस दाबली जाते, यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. बी-१२ कमी असेल तर मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, हेही तेव्हाच कळलं.

नसांची तपासणी झाली, बारीक शॉक बसतात, सोसवतात. रक्तात साखर ठीक, पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा, १४! थायरॉइड मंदावलं की तो वाढतो. अशा वेळी ऊतींमध्ये पाणी साठतं, बोगदा आणखी आवळतो. चार किलो वजन वाढलं होतं, ते मी वयावर ढकलत होते.

माझ्या गोळ्यांत बी-६ होतं. या आजारावर त्याचा बोलबाला १९७० च्या दशकापासून आहे, पण पुढच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. उलट मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर तेच नसांना इजा करतं. न विचारता अशी पाकिटं हातात पडतात, याचा मला आजही राग येतो.

मग खायचं काय? बोगदा रुंद करणारं कुठलंच अन्न नाही. वजन आणि साखर आटोक्यात ठेवायची, एवढंच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. चहासाठी थांबणं पहिल्या आठवड्यात फार जड गेलं. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी तरी, म्हणून ती रात्री घेते.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपते. कात्रीला धार लावून आणली, कारण बोथट कात्रीने जोर दुप्पट लागतो. चार महिन्यांनी टीएसएच जागेवर आला. आता रात्री सलग झोप लागते. लांब काठाची हातशिलाई केली तर अंगठा अजून बधिरतो.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला तर ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून दर रविवारी खिडकीपाशी दोन्ही तळवे शेजारी धरून बघते.