सहा नंबरच्या टेबलावरचं मशीन

२३ नोव्हेंबर २०२४, पुण्यातल्या एका विधानसभा मतदारसंघाची मोजणी, अकरावी फेरी, टेबल सहा. मतदारसंघाचं नाव देत नाही, त्याने काही बिघडत नाही. कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या मशीनचा नंबर आणि सीलचे नंबर १७ सी शी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब असलेल्या फॉर्मशी ताडून पाहिले, हिरव्या कागदी सीलला भोक पाडून रिझल्टचं बटण दाबलं. डिस्प्लेवर उमेदवारांचे आकडे यायच्या आधी एकूण मतं येतात. आली ६६२. हातातल्या १७ सी वर केंद्राध्यक्षाच्या सहीने लिहिलं होतं ६१२.

फरक बरोबर पन्नासचा. निवडणुकीच्या कामात ज्याने दोन-तीन ड्युट्या काढल्यात त्याला हा आकडा बघताच कळतं काय झालंय. मतदान सातला सुरू होतं, पण त्याआधी दीड तास मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक, घ्यावं लागतं, कमीत कमी ५० मतांचं, नोटासकट प्रत्येक बटणावर. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर: मतदान बंद करायचं, निकाल बघायचा, मतं पुसायची. प्रशिक्षणात हे तीन शब्द जपासारखे घोकून घेतात: सीआरसी, सीआरसी. त्यानंतर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची पावती छापणाऱ्या यंत्राच्या पेटीतल्या मॉकच्या पावत्या काढायच्या, मागे शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात सील करायच्या. हे सीआरसीच राहून गेलं की मॉकची ५० मतं मशीनमध्ये बसून राहतात आणि दिवसभराची खरी मतं त्यांच्यावर चढत जातात. मशीनचा यात काडीचा दोष नाही. त्याला दिलेली ६६२ मतं त्याने ६६२ मोजली.

चूक अक्षम्य आहे, पण समजण्यासारखीही. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्या, बसने शाळेत पोचा, बाकं सरकवून झोपा, पहाटे चारला उठा. साडेपाचला प्रतिनिधी हजर नसले तर पंधरा मिनिटं वाट बघून मॉक सुरू करावं लागतं. क्लिअर केल्यावर टोटलचं बटण दाबून शून्य दाखवायचं असतं, आणि ते शून्य बघायला समोर कुणी नसेल तर चूक पकडणार कोण? निकालानंतर ईव्हीएमच्या नावाने घसा फोडणारे पक्ष त्या पहाटे माणूस पाठवत नाहीत, हे एकदा सांगितलंच पाहिजे.

जाळीपलीकडच्या एका उमेदवाराच्या प्रतिनिधीकडे त्या केंद्राच्या १७ सी ची प्रत होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेली. हे करणारे शंभरात दोन. तो लगेच म्हणाला, "साहेब, पन्नास मतं आली कुठून?" सांगितलं. मॉकच्या दाखल्यावर कुणाला किती मतं दिली तेही लिहिलेलं असतं, म्हणून त्याचं पुढचं म्हणणं सरळ होतं: "मग ती वजा करा की." टेबलावर वजाबाकी करायची परवानगी नसते. निवडणूक निर्णय अधिकारी मॅडम आणि निरीक्षक आले, १७ सी पाहिला, मशीन बाजूला ठेवायला सांगितलं.

बाहेरच्यांना जे माहीत नसतं ते इथून पुढे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे असं मशीन शेवटपर्यंत बाजूला राहायचं. सगळ्या फेऱ्या संपल्यावर विजयाचं अंतर बघायचे. अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांवर जेवढं मतदान झालं, त्याच्याइतकं किंवा त्याहून कमी अंतर असेल तरच तिथल्या व्हीव्हीपॅटच्या पावत्या मोजायचे. अंतर जास्त असेल तर मोजत नसत. आमच्याकडे अंतर हजारांत होतं.

"म्हणजे पन्नास जास्त आहेत म्हणून सहाशे बारा बाद?"

बाद नाही, निकालावर परिणाम होत नाही म्हणून मोजली नाहीत, असं उत्तर दिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा म्हणवलं नाही.

शेवटची फेरी झाली की एका टेबलाला बँकेच्या कॅशियरसारखी जाळी लावून पडताळणीसाठी व्हीव्हीपॅट मोजणी होते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर केंद्रांचे क्रमांक लिहून पाच चिठ्ठ्या काढतात. मतदारसंघामागे पाच केंद्रं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवून दिलं. शंभर टक्के पावत्या मोजायची मागणी २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली गेली. सहा नंबरवालं केंद्र चिठ्ठीत येणं शक्य नव्हतं, ताळा घ्यायला त्याचा मोजलेला आकडाच नव्हता.

पावती ९९ मिलिमीटर लांब, ५६ रुंद, रोलमधून कापली जात असल्यामुळे वळलेली. पेटी उघडली की रंधा मारताना निघणाऱ्या सालपटांसारख्या पडतात. आधी मशीन चालू करताना पडणाऱ्या सात चाचणी-पावत्या वेगळ्या काढायच्या, नाहीतर आकडा तिथेच चुकतो. मग चिन्हाप्रमाणे खणांत टाकायच्या, प्रत्येक खणातले २५-२५ चे गठ्ठे बांधायचे. तिसऱ्या केंद्रावर एका उमेदवाराची एक पावती कमी भरली. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. तिसऱ्यांदा गठ्ठे सोडले तेव्हा सापडली, एका गठ्ठ्यात २६ होत्या, दोन पावत्या एकीत एक वळून बसलेल्या. पाच केंद्रांना रात्र झाली. पाचही जुळली. हातमोजणी चुकली ती एकदा, मशीन एकदाही नाही.

कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी डिसेंबर २०२० ची विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाची मोजणी आठवावी, बालेवाडीतली. ६२ उमेदवार, जांभळ्या स्केचपेनने पसंतीक्रम. ३ तारखेला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशीही चालूच. पदवीधर मतदार, आणि कुणी १ ऐवजी बरोबरची खूण करतंय, कुणी दोघांना १ देतंय. प्रत्येक संशयास्पद मतपत्रिकेवर पाच माणसांची चर्चा. तरी एक कबूल करायला हवं: तिथे वाद होता तो डोळ्यांसमोरच्या कागदावर. हरलेला प्रतिनिधीही ती मतपत्रिका बघूनच बाहेर पडायचा.

आमच्या निकालानंतर दहा दिवसांनी, ३ डिसेंबरला, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने ईव्हीएमवर विश्वास नाही म्हणून स्वतःच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. तसं मतदान कायद्यात बसत नाही, हे खरंच. पण पाच केंद्रांची तपासणी पुरेशी आहे असं सांगताना, ज्या मशीनचा हिशेब उघड जुळत नाही तेच न मोजता ठेवायचं, हा २०२५ मध्ये बदललेला नियम मला अजूनही समजावून सांगता येत नाही. एका केंद्राच्या पावत्यांना तासभर लागतो. चौदा टेबलं आणि सगळा स्टाफ रात्री तिथेच असतो. आणि जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तर व्हीव्हीपॅटच नव्हतं, तिथे मॉक क्लिअर करायचं राहिलं तर उघडायला पेटीच नाही.

सहा नंबरचं मशीन आणि त्याचं व्हीव्हीपॅट रात्री ट्रंकेत घातलं, पेटीचं सील होतं तसंच. सीआरसी विसरलेला केंद्राध्यक्ष मॉकच्या पावत्या काढायला विसरला होता की नाही, हे कागदपत्रांवरून सांगता येत नव्हतं. त्या पेटीत ६१२ पावत्या आहेत की ६६२, हे कुणी पाहिलेलं नाही.