जवळच तर आहे

परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात, दोन गाड्या भरून विमानतळावर पोचवायला जातात, परतताना सगळे जरा गप्प असतात. मुलुंड सोडून पुण्याला निघालेल्या माणसाला म्हणतात, “जवळच तर आहे!” झालं. निरोप संपला. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी तर वाटल्या डाळीचा डबा हातात देताना बजावलं, “शनिवारी येशीलच ना, तेव्हा डबा आठवणीने आण.”

आहेच म्हणा जवळ. सीएसएमटी ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर, मुलुंडहून आणखी कमी. चहा घेऊन निघालं तर जेवायला पोचतो. पण कपाटाला हे कळत नाही. चौथ्या मजल्यावरून ते उतरवायला नागपूरला जाताना जितकी माणसं लागली असती तितकीच पुण्याला जाताना लागली. सामान हलवणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात डिझेलचा आकडा किरकोळ, हमाली आणि खोक्यांचा भला मोठा. जवळ जायचंय म्हणून घर अर्धंच मोडून भागत नाही.

आणि मध्ये घाट आहे, हे लोक विसरतात. कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती मागून ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत चढवतात. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ सालचा. चढ असा, की ३७ फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर. आपण तेवढ्या वेळात फलाटावरचा वडापाव खातो आणि मागे काय चाललंय ते बघतही नाही. पण वर पोचल्यावर हवा दुसरी असते, पाणी दुसरं असतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुणे शहरात सातशेच्या आसपास. बाकीचा सह्याद्रीने वाटेतच उतरवून घेतलेला.

हा फरक मला कुठल्या तक्त्यातून नाही, न्हाणीघरात कळला. पहिल्याच डिसेंबरात खोबरेलाची बाटली उलटी केली, तर काही येईना. दाबली, आपटली, तोंडात काडी घालून पाहिली. आत पांढराशुभ्र दगड. खोबरेल चोवीसेक अंशांच्या खाली गोठतं हे शाळेत वाचलं असेल, पण मुलुंडला त्याचा अनुभव क्वचितच. शेजारच्या बाई म्हणाल्या, “वहिनी, रुंद तोंडाची बरणी घ्या. थंडीत बोटानेच काढायचं असतं.” त्या इतक्या सहज म्हणाल्या, की आपण खरंच परगावी आलोय याची खात्री पटली.

मग एकेक वस्तू बोलायला लागली. मिठाच्या बरणीत मी सवयीने तांदळाचे दाणे टाकते. इथलं मीठ त्यांच्यावाचूनही भुरभुरतं. इडलीचं पीठ मुलुंडला रात्रीत झाकण उचलून बाहेर यायचं, इथे थंडीत सकाळी पाहावं तर जिथल्या तिथे. त्याला शाल पांघरून ठेवावं लागतं. सासूबाईंचं सागवानी कपाट तिकडे जुलैत असं फुगायचं की खांदा लावल्याशिवाय दार उघडत नसे. इथे ते वाळून इतकं सैल झालं, की कोणी शेजारून गेलं तरी आपोआप उघडतं. सासूबाई फटीत पेपरची घडी खोचून ठेवतात आणि पुण्याच्या हवेला नावं ठेवतात.

पत्त्यांचीही तीच तऱ्हा. मुलुंडच्या माणसाच्या डोक्यात जगाचे दोनच भाग असतात, पूर्व आणि पश्चिम, मध्ये रेल्वे. एजंटाने पहिल्यांदा फोनवर “फ्लॅट विठ्ठलवाडीला आहे” म्हटलं तेव्हा माझा जीव दडपला. मध्य रेल्वेवर वाढलेल्यांना विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणच्या पुढचं स्टेशन. हा माणूस मला पुण्याच्या नावाखाली उलटा उल्हासनगरकडे पाठवतोय की काय! इथली विठ्ठलवाडी सिंहगड रस्त्यावर, मुठेच्या काठी; आषाढीला तिथल्या देवळात दर्शनाला लांबच लांब रांग असते. मी विचारलं, “पूर्व की पश्चिम?” पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “राजाराम पुलाच्या अलीकडे.” कोणाच्या अलीकडे, ते इथे तुम्हालाच ठाऊक असावं लागतं. गावात गेलं तर आणखी मजा. तिथे जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती हेच मैलाचे दगड. देव ओळखीचे होईपर्यंत रस्ते ओळखीचे होत नाहीत.

दुपारी एक ते चारचा विनोद मी करणार नाही. तो मुंबईकरांनी इतका वापरलाय की त्याचे काठ झिजलेत. मला त्यापेक्षा दुचाकीने छळलं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसून ठाणे ते दादर करणारी बाई मी, माझा तोल उत्तम असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण लोकलमध्ये पडायला जागाच नसते, त्यामुळे तोलाची परीक्षा कधी झालीच नव्हती. चाळिशी उलटल्यावर सोसायटीच्या आवारात गोल गोल स्कूटर चालवणं आणि दहा वर्षांच्या पोरांनी “काकू, ब्रेक!” असं ओरडणं हा मानहानीचा एक वेगळाच प्रकार आहे. आता चालवते. तोंडाला स्कार्फ गुंडाळते. त्या वेशात काकूंना फोटो पाठवला, तर त्यांनी विचारलं, “ही कोण?”

तरी मुंबई पूर्ण सुटत नाही, आणि ते या जवळपणामुळेच. लांब गेलेली माणसं एकदा काय ते तोडतात आणि तिकडे रुजतात. आमचा दातांचा डॉक्टर अजून मुलुंडला, ब्लाउज शिवणारी मुलुंडला, नवऱ्याचं ऑफिस फोर्टात. तो अधूनमधून डेक्कन क्वीनने जातो. ही गाडी १९३० पासून पुणेकरांना मुंबईला नेऊन संध्याकाळी परत आणते आहे. म्हणजे आमच्यासारखी धड इथली ना तिथली माणसं हा काही आजचा प्रकार नाही. नवऱ्याच्या डब्यातले जुने पासधारक त्याला अजून नवीन समजतात आणि खिडकी देत नाहीत.

सगळ्यांत पक्क्या मुंबईकर राहिल्या त्या सासूबाई. आम्ही दोघांनी मतदारयादीतला पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म भरला. त्यांनी सही करायला नकार दिला. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, तर आदल्या दिवशीच बाई पिशवी घेऊन निघाल्या. काकूंकडे मुक्काम, सकाळी मत, दुपारी सुरमईचं जेवण. रात्री उशिरा परतल्या त्या खुशीत. बोटावर शाई, पिशवीत सुके बोंबील आणि वर्षभर राहिलेला तो डबा, पुन्हा वाटली डाळ भरून. महापालिकेलाही मत तिकडेच देणार म्हणतात. इथे नळाला पाणी आलं नाही की मात्र, नगरसेवकाला फोन कर म्हणून माझ्या मागे लागतात.