हेपेटायटिस सी: गोळ्यांचे ८४ दिवस आणि वाट बघायचे ८४

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त दिलं होतं, फार तर शुगर वाढलेली निघेल एवढंच डोक्यात, आणि रिपोर्टवर आलं अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लिव्हरला धरणाऱ्या हेपेटायटिस सी च्या व्हायरसची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह. काउंटरवरच्या मुलाने ते चार लोकांत मोठ्याने वाचलं, ऑपरेशनची तारीख खोडली आणि म्हणाला मॅडम आधी हे बघून घ्या. काय बघायचं, कुठे, कोणाकडे, काही नाही. परळहून लालबागपर्यंत चालत घरी आले, बसमध्ये कोणाशेजारी बसायचीही भीती वाटली.

त्या रात्री मी माझ्या स्टीलच्या पेल्याला खाली लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, ताट-वाटीलाही. मुलाने विचारलं "आई हे काय गं?" तर सांगता येईना.

जाऊबाई म्हणाल्या काविळीची माळ घाल, उतरेल. पण माझे डोळे पिवळे नव्हते, पोट दुखत नव्हतं, भूक व्यवस्थित. हाच तर या आजाराचा घात आहे, वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि आत लिव्हर कडक होत जातं, मग सिरॉसिस, कोणाला कॅन्सर.

शेवटी महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. सकाळी साडेसातला केसपेपरची लाईन, मग ओपीडी. डॉक्टर मुलगी माझ्या मुलाच्याच वयाची असेल, तिने पहिलं विचारलं मावशी कधी रक्त चढवलंय का? आणि मला एकदम १९९६ आठवलं, बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, दोन बाटल्या चढवल्या होत्या. व्हायरस सापडला १९८९ मध्ये, पण आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची सी साठी तपासणी सक्तीची व्हायला २००२ च्या आसपासचा काळ उजाडला. त्या बाटल्यांतूनच आलं असं खात्रीने कोणी सांगू शकत नाही, पण दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

मग तिने जे समजावलं ते मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. अँटीबॉडी म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर जे बनवतं ते, ती पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस कधीतरी अंगात आला होता एवढंच, काही लोकांच्या शरीरातून तो आपोआप जातोही. आत्ता आहे का ते आरएनए टेस्टने, म्हणजे व्हायरल लोडनेच कळतं. माझा आला साडेअकरा लाख. आकडा बघून हातपाय गळाले, पण ती म्हणाली लोड जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब असं नसतं, त्यासाठी फायब्रोस्कॅन. कुशीवर सोनोग्राफीसारखं यंत्र ठेवतात, बरगड्यांमध्ये टकटक होते, दहा मिनिटांत झालं. सिरॉसिस नव्हता. हेपेटायटिस बी पण तपासलं, कारण सी ची औषधं चालू असताना झोपलेला बी उठू शकतो म्हणे.

२८ जुलै २०१८ ला केंद्राचा व्हायरल हेपेटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. मला सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, रोज एकेक गोळी, बारा आठवडे. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा महिने, कोणाला वर्षभर, ताप, अंगदुखी, मन खचणं, आणि एवढं सोसून बऱ्याच जणांना गुणही यायचा नाही. आता शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात. ज्या तिघांच्या संशोधनातून हा व्हायरस हाती लागला त्या ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. मी बारावी पास बाई, पण ही तीन नावं मला पाठ आहेत आणि राहतील.

२८ गोळ्यांची बाटली, रात्री नऊला गोळ्या, कालनिर्णयवर फुली. पहिले पंधरा दिवस डोकं जड आणि थकवा, मग काही नाही. एकही दिवस चुकवला नाही. काउन्सिलर ताईंनी विचारलं घरात भांडी वेगळी केलीत का, मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या ताटातून, मिठी मारून नाही पसरत हे, रक्तातून पसरतं, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढं वेगळं ठेवा. घरी येऊन अ‍ॅसिटोनने ठिपके पुसले. नवरा आणि मुलगा दोघांची टेस्ट केली, निगेटिव्ह.

गोळ्या संपल्यावर अजून बारा आठवडे थांबायचं आणि मग परत आरएनए. ते थांबणं मला गोळ्यांपेक्षा जड गेलं. रिपोर्ट आला, टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे रक्तात व्हायरस सापडला नाही. मी तिथेच बाकड्यावर बसून रडले.

अँटीबॉडी मात्र पुढेही पॉझिटिव्हच दिसते, म्हणून आता डोळ्याच्या डॉक्टरांकडे दोन्ही रिपोर्ट एकत्र पिन करून दिले आणि आधीच सांगितलं हा जुना, हा आत्ताचा. मोतीबिंदू निघाला.

आमच्या मजल्यावरच्या काकूंना १९९८ ला ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेलं, त्यांनी कधी टेस्टच केली नाही. सोमवारी साडेसातला त्यांना घेऊन जातेय, केसपेपर मीच काढणार.