हरभऱ्यातला कोष आणि पंखावरचं घोड्याचं तोंड

मागच्या रब्बीत आमच्या हरभऱ्यात फिरताना पानाखाली तांदळाच्या दाण्याएवढा मळकट पांढरा कोष दिसला, शेजारी घाटेअळीचं सुकलेलं कातडं चिकटलेलं. काका म्हणले, "आळीचंच अंडं दिसायलंय, उद्या फवारा घेऊ." म्हणलं काका, घाटेअळीचं अंडं खसखशीएवढं असतं, हे केवढं मोठंय बघा, आणि पानासकट काड्यापेटीत टाकून घरी आणलं.

पाचव्या दिवशी पेटीत बारीक काळपट माशी फिरायली होती. आपल्याकडं असल्या सगळ्यांना सरसकट गांधीलमाशी म्हणून मोकळे होतात, पण ही कुणाला चावत नाही, ही लहान अळीत अंडं घालते, तिचं पिल्लू अळीला आतून खातं, मग बाहेर येऊन असा कोष विणतं, आणि अळी मोठी होऊन घाटे पोखरायच्या आधीच मरते.

मग भिंगाखाली पुढचा पंख धरला. इथं खरी गंमत आहे, ब्रॅकोनिड आणि इक्न्युमोनिड ही दोन कुळं वरवर सारखी, पण इक्न्युमोनिडच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला एक जादा आडवी शीर असते, ब्रॅकोनिडला ती बहुतेक नसतेच, आणि मधली एक शीर गळाल्यानं इक्न्युमोनिडच्या पंखावर घोड्याच्या तोंडासारखा कप्पा दिसतो. मला ते तोंड दिसलं तेव्हा अंगावर काटा आला हो! पण हे झालं नुसतं कुळ. जातीपर्यंत माझी मजल नाही, नमुना जाणकाराकडं पाठवला, कॅम्पोलेटिस क्लोरिडी निघाली, हरभऱ्यातल्या घाटेअळीची जुनी वैरीण.

जातीचा एवढा अट्टहास कशाला असं बरेच जण विचारतात. ट्रायकोकार्ड घ्या, म्हणजे किडीच्या अंड्यात वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक माशीची शेतात लावायची पट्टी. त्यातला ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटर, रंगावरून काही म्हणजे काही कळत नाही. आपल्याकडच्या जातीला कित्येक वर्षं ऑस्ट्रॅलिकम म्हणायचे, मग १९६८ ते १९७१ च्या सुमारास बेंगळुरूत सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या कीटकतज्ज्ञांनी नराचं जननेंद्रिय स्लाईडवर बघून जाती वेगळ्या करता येतात हे दाखवलं, आणि पुढं आपली ती चिलोनिस ठरली. नुसत्या माद्या हाती असल्या तर रूपावरून ओळखायला आजही अडतंच. आणि फरक पडतो ना, भाताच्या खोडकिडीला जापोनिकम सोडतात, कपाशीच्या गुलाबी बोंडअळीला ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री, चुकीचं कार्ड लावलं तर शेतकऱ्याचा पैसा आणि हंगाम दोन्ही गेले.

माझं एकच मागणं आहे, कोष सापडला तर फेकू नका, पण पेटीवर पीक, तारीख आणि कुठल्या अळीतून निघाला ते लिहा. त्याशिवाय माशी हाती येऊनही निम्मी माहिती गेलेली असते.

काकांनी त्या पट्ट्यात फवारा घेतला नाही. आठवड्यात अजून अकरा कोष सापडले, आणि आता पेट्यांवर नावं काकाच लिहायलेत.